मिठाची हाक

फोनमधून यंत्र बोलायला लागलं की मी तो बंद करते. स्वस्तात वीज देणारे, गालिचे धुऊन देणारे, तुम्हाला बक्षीस लागलंय म्हणणारे. कोण ऐकत बसणार त्यांचं? त्या दिवशी दुकानात एका ग्रीक म्हातारीच्या नाकावर चष्म्याची नवी चौकट बसवत होते. एक काडी तिच्या कानामागे टोचत होती आणि म्हातारी माझ्यावर, चष्म्यावर आणि एकूणच मेलबर्न शहरावर वैतागली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि आतून तो घरघरता, एकाच पट्टीतला आवाज आला. बंद केला. परत वाजला, परत बंद केला. तिसऱ्यांदा उचलला तो चांगलं खडसावायचं असं ठरवून. मी तोंड उघडायच्या आत आवाज म्हणाला, "नेरी, ठेवू नकोस. डंकन बोलतोय." डंकन माझा मोठा भाऊ. दीड वर्षापूर्वी त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं, श्वासासाठी गळ्याच्या खळगीत एक भोक ठेवलं आणि हातात दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र दिलं. ते गळ्याला दाबून धरायचं आणि ओठ हलवायचे, मग ते असं घरघरतं. मला हे सगळं ठाऊक होतं. इस्पितळात त्याच्या उशाशी मीच बसले होते. पण तेव्हा तो पाटीवर लिहायचा. घरी गेल्यावर त्याने कधी फोन केला नाही आणि मीही केला नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला फोन काय करायचा, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. आणि आता त्याचा आवाज म्हणून हे माझ्या कानात गुरगुरत होतं.

"तुला हाक मारता येते का अजून?" तो म्हणाला.

"कुणाला?"

"गाईंना. आणखी कुणाला मारणार तू."

म्हातारी आरशातून माझ्याकडे बघत होती. "कुणी गेलं का?" तिने विचारलं. नाही, भावाचा फोन आहे, मी म्हटलं. "मग बस खाली," ती म्हणाली, "भावाचा फोन बसून घ्यावा." आणि स्वतःच उठून तिने मला आपली खुर्ची दिली.

टर्नबॅकला आमची सात-आठ घरं आहेत, बंद पडलेली एक शाळा आणि पत्र्याचं एक सभागृह. त्याला गाव म्हणायचं तर म्हणा. रस्ता तिथे संपतो, म्हणून हे नाव. पुढे काही नाही, फिरा मागे. पुढे काही नाही हे अर्थात रस्ता बांधणाऱ्यांचं म्हणणं. आमच्यासाठी सगळं पुढेच होतं, वर, तीन-चार तासांच्या चढणीवर, जिथे झाडं बुटकी होत जातात आणि मग एकदम आभाळाखाली गवताचं मैदान उघडतं. उन्हाळा लागला की, आमच्याकडे तो डिसेंबरात लागतो, गुरं वर न्यायची आणि शरद संपता संपता, म्हणजे मेमध्ये, बर्फाच्या आधी, खाली आणायची. आजोबांनी हे केलं, बाबांनी केलं, डंकनने केलं. आता डोंगरावरची चराई बंद झाली होती. सरकारने ठरवलं आणि हा शेवटचा उन्हाळा दिला. गुरं उतरवली, विकली. पण नऊ गाई वरच राहिल्या होत्या, त्या झुडपांतून बाहेरच येईनात. बर्फ पडायच्या आत त्या खाली आल्या नाहीत, तर वरच मरणार. खाली आल्या तर एर्लच्या ट्रकमधून बाजाराला जाणार, कारण वरचं गवत गेल्यावर खालच्या चिमूटभर रानात त्यांना पोसायचं कसं, आणि डंकनला एकट्याने आता काही झेपत नव्हतं. हे सगळं त्याने मला त्या घरघरीत, मोजक्या शब्दांत सांगितलं, काही लपवलं नाही. म्हणजे मी जायचं ते कशाला, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी हाक मारायची, म्हणजे गाई विश्वासाने येतील आणि ट्रकमध्ये चढतील.

त्या रात्री मला झोप आली नाही, त्यात नवल काही नाही. पडल्या पडल्या मी डंकनचा जुना आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो येईना. मला त्याचे शब्द आठवत होते, चेष्टा आठवत होत्या, मला 'टिटवी' म्हणायचा ते आठवत होतं, पण सगळं त्या यंत्राच्या घरघरीत. पाच मिनिटांच्या फोनने पन्नास वर्षांचा आवाज पुसून टाकला होता. मला इतका संताप आला त्या यंत्राचा, की आत्ता हातात असतं तर खिडकीतून खाली फेकून दिलं असतं. तो तरणाबांड असताना वरच्या मैदानावर उभा राहून हाक मारायचा तेव्हा पलीकडच्या डोंगरावरची दुसऱ्यांची गुरंसुद्धा माना वर करायची. हाकेला शब्द एकच: सॉल्ट. मीठ. पण तो शब्द म्हणून म्हणायचा नसतो. पोटातून, खालून सुरू करायचा, हळूहळू चढवत न्यायचा आणि अगदी वर गेल्यावर तो आपोआप तुटतो, तुटू द्यायचा. प्रत्येक घराची चाल वेगळी. आमची चाल बाबांची, बाबांनी ती त्यांच्या बापाकडून घेतली. डंकनने उचलली आणि मीही उचलली, कुणी न शिकवता, जसं पोरं शिव्या उचलतात. वर गवत गोड असतं, पण त्या मातीत मीठ नाही. जनावर मिठासाठी वेडं होतं. ओंडक्यांत खोबणी पाडून त्यांत जाडं मीठ ओतायचं आणि हाक मारायची. मैलभर पसरलेली गुरं मग झुडपांतून, ओढ्यांतून, कुठून कुठून निघून पळत येतात, म्हाताऱ्या गाईसुद्धा वासरांसारख्या पळतात. ते दृश्य ज्याने बघितलंय त्याला मी काय सांगू, आणि ज्याने बघितलं नाही त्याला तरी काय सांगू.

आणि नियम एकच होता. पिशवीत मीठ नसताना हाक मारायची नाही. कधीच नाही, गंमत म्हणून नाही, सराव म्हणून नाही, कुणी पाहुणा आग्रह करतोय म्हणून तर मुळीच नाही. डंकन नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने एकदा मारली होती. शहरातून कुणी फोटो काढणारे आले होते, त्यांच्यापुढे फुशारकी म्हणून. गाई आल्या, फोटोवाले खूश झाले, आणि ओंडक्याच्या खोबणीत नुसतं पावसाचं पाणी. बाबा झोपडीतून बाहेर आले. मला वाटलं, आता डंकनच्या पाठीचं सालटं निघणार.  बाबा आत गेले, फळीवरची स्वयंपाकाच्या मिठाची बरणी घेऊन आले आणि ती सगळी, शेवटच्या खड्यापर्यंत, खोबणीत ओतली. गाई चाटून समाधानाने पांगेपर्यंत उभे राहिले. मग पुढचं मीठ खालून येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी अळणी खाल्लं. अळणी बटाटे, अळणी मटण, अळणी लापशी. बाबा शांतपणे जेवायचे आणि डंकन ताटात बघून रडायचा. माणसं म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. आमच्याकडे उलटं होतं. मिठाला जागायचं ते देणाऱ्याने; खाणाऱ्याने बिचाऱ्याने नुसता विश्वास ठेवायचा. मी सोळाव्या वर्षी मेलबर्नला आले, चष्म्याच्या दुकानात लागले, लग्न केलं, मोडलं, आणि या सगळ्यात एकदाही मोठ्याने ओरडले नाही. शहरात माणूस आपला आवाज घडी घालून कपाटात ठेवतो. घडीवर घडी बसत जाते आणि एक दिवस उलगडायला काढावा तर कापड विरलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्तुळाकार महामार्गावर गाडीच्या काचा वर करून मी हाक मारून बघितली. घशातून जे निघालं ते कुणी पाय मुरगळल्यावर काढावं तसं होतं. शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघायला लागला. मग मला आठवलं की माझ्या गाडीत मीठ नाही. मी, अठ्ठावन्न वर्षांची बाई, गाडी बाजूला घेतली आणि पेट्रोलपंपाच्या दुकानातून मिठाची पिशवी आणली. शेजारच्या सीटवर ठेवली आणि मग पुन्हा सुरुवात केली. तिथे माझ्या हाकेला येणारं कोण होतं? कुणी नाही. तरी आणली.

डंकन फाटकाशी उभा होता. बारीक झाला होता. गळ्यावर विणलेलं एक छोटं फडकं बांधलं होतं, भोक झाकायला. एर्लच्या बायकोने विणून दिलेलं, निळं. तो बोलला नाही, माझी बॅग उचलली आणि पुढे चालायला लागला, आणि मी मागून बडबडत राहिले, रस्ता असा आणि हवा तशी. तो पूर्वीही कमी बोलायचा. पण न बोलणं वेगळं आणि बोलता न येणं वेगळं, हे मला त्या फाटकापासून दारापर्यंतच्या चालण्यात कळलं. घरात शिरल्यावर कुत्री आली आणि त्यांच्यात काहीतरी बिनसलेलं दिसलं. डोकी सारखी मागे वळवायची. मग लक्षात आलं. शीळ गेली होती. गळ्याला भोक असलेल्या माणसाला शीळ घालता येत नाही, हवा तोंडापर्यंत पोचतच नाही. कुत्र्यांना तो हाताने खुणा करायचा, म्हणून बिचारी गुरांकडे बघायची सोडून क्षणाक्षणाला त्याच्याकडे बघायची. ऑपरेशन करणाऱ्यांनी आवाज जाईल, वास कमी येईल, पोहायचं नाही, सगळं समजावून सांगितलं होतं. शिळेबद्दल कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तरी कुठे कुत्री पाळली असतील. मी चहा केला, त्याने माझ्यापुढे साखर सरकवली आणि आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो. डोंगराच्या माथ्यावर ढग बसला होता, खालून राखाडी आणि वरून पांढरा, बर्फाचा.

एर्ल आला तेव्हा बरं वाटलं, घरात माणसाचा आवाज झाला. एर्ल मॅकफी, खालच्या वळणावरचा शेजारी, गुरांचा ट्रक चालवतो, आणि त्याच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्मायचाय.

"काय मेलबर्नच्या बाईसाहेब," तो दारातूनच म्हणाला, "घशाला मध-बिध लावलात का?"

"तुझ्या घशाला लाव डिंक," मी म्हटलं, आणि डंकनचे खांदे हलले. तो हसत होता. हसण्यालाही आवाज नव्हता.

मग एर्लने टोपी काढून हातात धरली. "तुला याने सांगितलं का मी काय घाण करून ठेवलीय ते?"

डंकनने हात हलवला, जाऊ दे म्हणून.

"नाही, तिला कळू दे. घोडं घेऊन आणि कुत्री घेऊन आम्ही दोनदा गेलो वर. पळतात झुडपात, त्या जागा आपल्याहून त्यांना जास्त माहीत. मग हा त्या डबड्यातून हाक मारायला गेला."

"पळाल्या?"

"बंदूक उडवल्यासारख्या. तेव्हा मला अक्कल सुचली. माझ्या पोरीच्या लग्नानंतर आम्ही सगळे वर सहलीला गेलो होतो, तेव्हा याने हाक मारलेली, ती जावयाच्या कॅमेऱ्यात होती. म्हटलं, डंकनचाच आवाज! भोंग्यावर लावतो. याला विचारलंसुद्धा नाही, म्हटलं गाई आणून दारात उभ्या करतो आणि चकित करतो. आल्या गं नेरी. पळत आल्या, सगळ्या, ती म्हातारी पुढे." तो टोपीकडे बघत राहिला. "आवाजाच्या नादात मीठच न्यायचं विसरलो. मी, टर्नबॅकात जन्मलेला. माझ्या घोड्याभोवती उभ्या राहिल्या, हुंगलं सगळं, आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पोतंभर नेलं आणि परत लावलं. माना वर केल्या, ऐकलं आणि वळून चालायला लागल्या."

 डंकनने यंत्र उचलून गळ्याला लावलं. "माझा आवाज आता त्यांना खोटा वाटतो," तो म्हणाला, आणि यंत्र ठेवून चहा प्यायला. इतकं मोठं वाक्य त्या यंत्रातून इतकं सपाट निघालं की हवामान सांगतोय असं वाटावं. मला एर्लचा राग यायला हवा होता, तो आला नाही. त्याचे डोळे बघवत नव्हते. मला डंकनकडे बघवत नव्हतं. त्याच्याजवळ त्याचा स्वतःचा आवाज म्हणून जगात तेवढा एकच उरला होता, एका जावयाच्या कॅमेऱ्यात, आणि तोही त्याच्या गाईंपुढे बिनामिठाचा ठरला.

सकाळी घोड्यांवरून निघालो. एर्ल ट्रक घेऊन खाली गुरांच्या वाड्याशी थांबणार होता. खोगीर माझ्या मांड्या सोलत होतं आणि चढणीवर मी मनात डंकनला, घोड्याला आणि माझ्या गुडघ्यांना आळीपाळीने शिव्या देत होते. झाडं उंच होती ती बुटकी झाली, बुटकी होती ती पिळवटलेली झाली, आणि मग मैदान आलं. मला वाटलं होतं की मी रडेन. रडले नाही. वारा इतका थंड होता की डोळ्यांतून पाणी आधीच येत होतं. झोपडी तशीच, एका बाजूला थोडी झुकलेली. ओंडके तसेच, जिभांनी चाटून चाटून खोबण्यांच्या कडा गोल झालेल्या. डंकनने मिठाचं पोतं उतरवलं, खोबण्या भरल्या, थोडं माझ्या कोटाच्या खिशात ओतलं, जसं बाबा आमच्या खिशात ओतायचे. मग तो मागे, लांब, एका वाकड्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, मैदानाकडे पाठ करून. मी एकटी राहिले. आणि तेव्हा मला सुचलं ते असं, की मी खोटी हाक मारू शकते. नाही जमली म्हणायचं. चाळीस वर्षं शहरात काढलेली बाई, कुणी दोष देणार नव्हतं. जरा सूर चुकवायचा, जरा घसा आवळायचा, गाई झुडपात राहतील, त्यांच्या रानात, आणि मी त्यांना ट्रकमध्ये घालणारी होणार नाही. मी तिथे उभी राहून हा विचार अगदी शेवटपर्यंत केला. त्या विचाराच्या शेवटी बर्फ होता. गुरं बर्फात कशी मरतात ते मी लहानपणी बघितलं होतं. एकमेकींना चिकटून, कुंपणाशी, खालच्या दिशेला तोंड करून, वसंतात तशीच उभी सापडली. त्या वर्षी बाबा आजारी होते आणि काही जनावरं उतरवायची राहून गेली. ती सापडली त्या दिवसापासून बाबांनी वरच्या मैदानाला कधी आपलं म्हटलं नाही, 'त्यांचं' म्हणायचे. आपलं जनावर वर ठेवून खाली यायचं नाही. ट्रकने जायचं असेल तर ट्रकने, पण आपण समोर उभं राहून पाठवायचं. मला हे पटलेलं होतं असं नाही. आजही पटलंय का, ते मला सांगता येणार नाही. पण तोंड उघडलं तेव्हा घसा आवळता आला नाही.

पहिली हाक वाऱ्याने खाल्ली. दुसरी मधेच फाटली. तिसऱ्या वेळी मी ऐकायचं सोडून दिलं, पोट आत घेतलं आणि सोडली. ती खालून उठली, चढली आणि वर जाऊन तिथे, बरोबर त्या जागी, तुटली.  तो माझा आवाज नव्हता. तो बाबांचा होता, डंकनचा होता, यंत्राने माझ्या डोक्यातून पुसला होता तो, पन्नास वर्षांचा, खणखणीत, माझ्या तोंडातून मैदानावर पसरत होता. मी मागे वळून बघितलं. डंकन आता माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याने एका हाताने झाडाचं खोड धरलं होतं. मी परत मारली, परत परत मारत राहिले, थांबायची भीती वाटायला लागली, थांबले तर तो आवाज परत जाईल. मग पलीकडच्या झुडपाच्या कडेला पांढरं तोंड दिसलं. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या आमच्या गाई. पुढे ती म्हातारी, प्रिंगलबाई. आमच्या पोस्टातल्या प्रिंगलबाईंवरून बाबांच्या काळात एका गाईला हे नाव दिलं होतं, कारण तिलाही सगळ्यांच्या बातम्या असायच्या, आणि मग ते तिच्या नातीला आणि पणतीला लागत गेलं. त्या पळत आल्या नाहीत. चालत आल्या, थांबत, हवा हुंगत, फसवलेल्या जनावरासारख्या. मी खिशातलं मीठ तळहातावर धरलं. 

प्रिंगलबाई माझ्यापर्यंत आली. हात हुंगला. मीठ होतं, तिला ते कळलं, आणि तिने ते चाटलं नाही. मला ओलांडून पुढे गेली. मला आधी कळेना. मग दिसलं की ती झाडाकडे चालली आहे. डंकन हलला नाही. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्याचे खिसे हुंगले, कोट हुंगला, मग मान वर केली आणि गळ्यावरच्या निळ्या फडक्याशी नाक नेलं. तिथून श्वास येत होता, उबदार. तिने तो बराच वेळ हुंगला. तोंडाच्या जागी तोंड आणि श्वास भलतीकडून, याचा तिला अर्थ लागत नसावा. मग जीभ काढून तिने ते फडकं चाटलं. घामाचं का होईना, तिथे मीठ होतं. डंकनने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं, दोन्ही हातांनी तिचे कान धरले, आणि त्याची पाठ हलायला लागली. बाकीच्या आठ तोवर ओंडक्यांवर तुटून पडल्या होत्या. खरखरीत जिभा लाकडावर घासल्याचा आवाज येत होता. मी त्या आवाजाकडे लक्ष दिलं, भावाकडे बघितलं नाही. बाईमाणसाने बघू नये म्हणून नव्हे, मला सोसवत नव्हतं म्हणून.

उतरताना काही त्रास झाला नाही. मी पुढे, मग प्रिंगलबाई, मग बाकीच्या ओळीने, शेवटी डंकन. वाट त्यांना पाठ होती, मला नव्हती. दोन ठिकाणी मी चुकत होते तर त्या थांबून राहिल्या. उतरताना पहिला भुरभुर बर्फ पडायला लागला आणि त्यांच्या पाठींवर बसायला लागला. मला समाधान वाटत होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. आम्ही सगळ्यांना घेऊन आलो, एकही मागे नाही. खाली वाड्यात एर्ल ट्रकची मागची फळी टाकून, त्याला उतार जोडून तयार होता. गाई उताराच्या तोंडाशी येऊन थांबल्या. ट्रकमध्ये त्या कधी चढल्या नव्हत्या; आमची जनावरं जन्मभर चालत वर गेली आणि चालत खाली आली. एर्लने दांडा हातात घेतला, विजेचा झटका देणारा, आणि डंकनकडे बघितलं. डंकनने मान हलवली, नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

त्याने यंत्राला हात लावला नाही. नुसतं बघितलं, आणि मग ट्रकच्या आत बघितलं. मला कळलं. काकुळतीला येऊन मी म्हटलं, "डंकन, ते नको रे. ते मला नाही जमायचं." एर्लने दांडा खाली ठेवला नव्हता. मी कोटाचे खिसे चाचपले. मीठ होतं. उतारावरून वर चढले, ट्रकच्या आत गेले, अगदी पुढच्या भिंतीपर्यंत, शेणाचा आणि गंजाचा वास, फळ्यांमधून वाऱ्याच्या रेघा. मीठ जमिनीवर पसरलं, खिसे उलटे करून झटकले. मग हाक मारली. आत ती फार मोठी झाली, पत्र्यांवर आदळून माझ्याच कानात परत आली. प्रिंगलबाईने उतारावर खूर ठेवला, तो पोकळ वाजला, ती दचकली, आणि तरी वर आली. तिच्यामागून सगळ्या आल्या. अंधारात त्यांची पांढरी तोंडं माझ्या अंगाला घासून खाली वाकली आणि चाटायला लागली. मी बाजूच्या छोट्या दारातून उडी मारली तेव्हा माझा पाय मुरगळला. दुखतंय हे मला संध्याकाळी कळलं. एर्लने फळी वर उचलून साखळी लावली, माझ्या खांद्यावर थोपटलं, काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ट्रक निघाला. ओढ्यापर्यंत सरळ जातो, मग वळणं लागतात आणि प्रत्येक वळणावर तो परत दिसतो, आधीपेक्षा लहान. पहिल्या वळणावर आतून एक गाय हंबरली. लांब, ओढून, बोलावल्यासारखी. डंकन कुंपणाशी गेला. त्याने टोपी काढून खांबावर ठेवली, पाय रोवले, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, आणि निळं फडकं वाऱ्याने उडावं तसं फडफडलं. एवढंच. आवाज नाही. पण मला सगळं दिसत होतं त्याच्या जबड्यावर. खालून उठणं, चढण आणि वर जाऊन तुटायची ती जागा. गाय परत हंबरली. माझा घसा शाबूत होता, मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्याने श्वास घेतला आणि पुन्हा मान मागे टाकली. मी तोंड मिटून त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याची हाक पुरी होईपर्यंत.